भाषेची परीक्षा कोणासाठी?

काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला दूधविनायक नावाचा मोहल्ला आहे. महाराष्ट्रातून काशीयात्रेला जाऊन आलेल्या वाचकांना तो माहीत असेल. कित्येक पिढ्या तेथे मराठी कुटुंबे राहत आली आहेत. कोणी विद्येसाठी गेले, कोणी भिक्षुकीसाठी, कोणी मराठा सरदारांच्या आश्रयाने, तर कोणी केवळ पोटासाठी. घरात मराठी, गल्लीत बनारसी बोली आणि ठठेरी बाजारात भांड्यांचा किंवा कुंजगलीत साड्यांचा सौदा करायचा तर बाजाराची हिंदी, अशा तीन भाषांत त्यांचा संसार झाला. त्यांना मोहल्ल्याच्या तोंडाशी अडवून ‘आधी भाषेचे प्रमाणपत्र दाखवा’ असे कोणी म्हटले नाही. राहता राहता, काम करता करता ते शिकले. आणि असे शिकले की १८८३ साली काशीतल्या मराठी घरात जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर पुढे ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे आधारस्तंभ ठरले.

आजच्या कामगाराच्या नशिबी ही सवड नाही. गाव सोडून, राज्य सोडून किंवा देश सोडून कामाला निघालेल्या माणसाला आता पाऊल टाकण्यापूर्वीच भाषेचा कागद दाखवावा लागतो. प्रौढ वयात, कामधंदा सांभाळून, परकी लिपी आणि परके उच्चार गिरवून परीक्षेला बसावे लागते. उत्तीर्ण झाला तर नोकरी, नापास झाला तर पैसे पाण्यात. ही परीक्षा असावी की नसावी, असली तर तीत काय विचारावे आणि तिचा खर्च कोणी सोसावा, हा आता शिक्षणखात्याचा प्रश्न राहिलेला नाही. तो रोजगाराच्या शर्तींचा, म्हणजे कामगार संघटनांचा प्रश्न झाला आहे. म्हणून या अंकात आम्ही त्याचा विचार करीत आहोत.

प्रश्न किती जवळ आला आहे ते पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० तरुण पाठवायचे आणि त्यांना शासनाच्या खर्चाने जर्मन भाषा शिकवायची, अशी घोषणा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला द्यावयाच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचे जाहीर केले. जपानने एप्रिल २०१९ पासून ‘विशिष्ट कुशल कामगार’ नावाचा नवा परवाना सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याबाबत भारताशी करार केला. वाराणसीतही परदेशी रोजगारासाठी तयारी करून घेणारे ‘स्किल इंडिया इंटरनॅशनल’ केंद्र आहे. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशभर अशी ३० केंद्रे काढण्याची घोषणा झाली होती. म्हणजे सांगलीचा वायरमन, नागपूरची परिचारिका आणि बनारसचा फिटर हे तिघेही उद्या एकाच प्रकारच्या परीक्षेचे उमेदवार असणार आहेत.

पूर्व युरोपातले देशही आता परदेशी मजूर शोधू लागले आहेत. बल्गेरियाचे उदाहरण बोलके आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या देशाची लोकसंख्या सुमारे ९० लाख होती. २०२१ च्या जनगणनेत ती सुमारे ६५ लाखांवर आली. जन्म कमी झाले आणि कामकरी वयाची माणसे मोठ्या संख्येने पश्चिम युरोपात निघून गेली. त्यांच्या रिकाम्या जागा भरण्यासाठी आता बाहेरून माणसे आणायची, अशी साखळी तयार झाली आहे. बल्गेरियन सुतार जर्मन भाषा गिरवतो आणि त्याच्या जागी येणाऱ्याने बल्गेरियन गिरवावी, अशी अपेक्षा ठेवली जाते. भांडवलाला मात्र सीमा ओलांडताना कोणी व्याकरण विचारीत नाही.

या परीक्षांची मोजपट्टी बहुतेक ठिकाणी सारखी आहे. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या. ए-१ आणि ए-२ या प्राथमिक, बी-१ आणि बी-२ या मधल्या, सी-१ आणि सी-२ या वरच्या. ए-१ झालेला माणूस नाव, गाव, भाव, वेळ सांगू शकतो. बी-१ झालेला रोजचा व्यवहार स्वतःच्या बळावर करू शकतो. परक्या देशात व्यापारासाठी जाणाऱ्या प्रौढांची प्राथमिक परीक्षाही याच धर्तीवर होते. ओळख करून देणे, फोनवर वेळ ठरवणे, मागणी नोंदवणे, किंमत विचारणे, हिशेबाचे आकडे समजणे. याला ‘व्यवहारापुरती भाषा’ म्हणतात.

येथेच आमचा पहिला प्रश्न उभा राहतो. व्यवहार म्हणजे कोणाचा व्यवहार? व्यापाऱ्याचा व्यवहार किंमत, माल आणि मुदत यांत सामावतो. कामगाराचा व्यवहार वेगळा आहे. त्याला विचारायचे असते की जादा तासांचे पैसे कोणत्या दराने मिळणार, पगारातून ही कपात कशाची, हे रसायन हातमोज्यांशिवाय हाताळायचे का, छातीत दुखते आहे तर डॉक्टरकडे कधी जाऊ, आणि या कागदावर मी सही करतो आहे त्यात लिहिले काय आहे. कामगारांसाठी घेतल्या जाणाऱ्या परीक्षांत या प्रश्नांना किती जागा असते?

जपानच्या परवान्यासाठी जी परीक्षा चालते तिचेच पाहा. जपान फाउंडेशनची प्राथमिक जपानी परीक्षा संगणकावर होते. २५० पैकी २०० गुण मिळाले की उत्तीर्ण. लिपी आणि शब्द, संभाषणातील वाक्प्रयोग, ऐकणे, वाचणे असे तिचे चार भाग आहेत. संभाषणाचा भागसुद्धा पडद्यावरचा योग्य पर्याय निवडून पुरा होतो. उमेदवाराला तोंडाने एक शब्दही बोलावा लागत नाही. तिच्याऐवजी जी दुसरी परीक्षा चालते तिच्या एन-४ पातळीतही बोलण्याचा भाग नाही. ऐकता आले पाहिजे, वाचता आले पाहिजे. बोलता आले नाही तरी चालेल! परीक्षा घेणाऱ्यांच्या मनात काही काळेबेरे आहे असे आम्ही म्हणत नाही. एकाच वेळी अनेक देशांत हजारोंची परीक्षा घ्यायची तर संगणक सोयीचा पडतो, हे उघड आहे. पण परिणाम काय होतो? हुकूम समजणारा कामगार पात्र ठरतो. प्रश्न विचारता येणारा कामगार हवा, अशी अट कोठेच नसते. जर्मन परीक्षांत तोंडी भाग असतो, ही त्यांची जमेची बाजू. आणि जपाननेच शुश्रूषेच्या कामासाठी त्या कामाची वेगळी जपानी परीक्षा ठेवली आहे. म्हणजे कामाला धरून परीक्षा बेतता येते, हे सिद्ध आहे. इच्छा हवी.

भाषा न येण्याची किंमत किती असते याचा एक दाखला देतो. जर्मनीत मालकाने कामगाराला काढायचे तर लेखी नोटीस द्यावी लागते. त्या नोटिशीविरुद्ध श्रम न्यायालयात जायचे असेल तर कायद्याने तीन आठवड्यांची मुदत आहे. ती टळली की अन्याय्य नोटीससुद्धा वैध मानली जाते. आता ज्याला ते पत्र वाचता येत नाही तो ते खिशात ठेवील, सुटीच्या दिवशी एखाद्या ओळखीच्याला दाखवील, तोवर दोन आठवडे गेलेले असतील. २०१४ मध्ये जर्मनीच्या संघीय श्रम न्यायालयासमोर एका पोर्तुगीज चालकाचे प्रकरण आले. कामाची बोलणी पोर्तुगीज भाषेत झाली होती, करार मात्र जर्मन भाषेत होता आणि चालकाला जर्मन येत नव्हती. थकलेल्या पैशांची मागणी ठराविक महिन्यांत केली नाही तर हक्क बुडेल, असे कलम त्या करारात होते. न्यायालयाने निर्णय दिला की न समजणाऱ्या भाषेतील करारावर सही केली तरी ती सही बांधील करते. ‘मला भाषा येत नव्हती’ हा बचाव मानला गेला नाही. निकाल कायद्याला धरून असेल. पण त्यातून आम्हा कामगारांनी घ्यायचा धडा उघड आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न तर याहून निकडीचा. बल्गेरियात होकारासाठी मान आडवी हलवतात आणि नकारासाठी वरखाली. आपल्याकडचा एखादा मजूर तेथील कारखान्यात यंत्रावर उभा आहे आणि त्याने खुणेने विचारले, ‘वीज बंद केली का?’ समोरच्याने मान वरखाली केली. आपल्या माणसाने तो होकार समजून हात आत घातला तर काय होईल? ‘दा’ म्हणजे होय आणि ‘ने’ म्हणजे नाही, हे दोन शब्द आणि मानेची ही रीत सांगायला अर्धा तास पुरतो. पण ते सांगायचे कोणी आणि कोणाच्या वेळात?

म्हणून आम्ही भाषेच्या परीक्षेच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. परीक्षा नसणे हे कामगाराच्या भल्याचेच असते असे नाही. २०२४ च्या आरंभी इस्राएलमधील बांधकामांसाठी हरियाणात आणि उत्तर प्रदेशात कामगारांची निवड झाली. तेथे गिलावा, फरशी, सळई वाकवणे आणि सेंटरिंग या कामांत उमेदवाराचा हात पाहिला गेला. युद्ध चालू असलेल्या देशात उत्तर प्रदेशातून हजारो कामगार गेले. अशा ठिकाणी धोक्याची सूचना कळणे हा जिवाचा प्रश्न असतो. ज्याला भाषा येत नाही तो तक्रार करीत नाही, दुसरी नोकरी शोधत नाही, संघटनेत येत नाही. अशा मुक्या कामगाराची सोय मालकाला होते. भाषा ही कामगाराची ढाल आहे. ती त्याला मिळालीच पाहिजे. आमचा विरोध आहे तो भाषेचे दार करण्याऐवजी कुलूप करण्याला.

आता खर्चाकडे वळू. शहरोशहरी भाषावर्गांचे पीक आले आहे. इतक्या आठवड्यांत अमुक पातळी, नोकरीची हमी, असे फलक लागतात. वर्गाची फी, परीक्षेची फी, नापास झाल्यास पुन्हा फी, कागदपत्रांचे भाषांतर, मुंबई-पुण्याचे हेलपाटे आणि बुडालेला रोज. हा सारा भार कामगार उचलतो, तोही बहुधा कर्ज काढून किंवा घरातले सोने मोडून. कर्ज डोक्यावर घेऊन परदेशी गेलेला माणूस तेथे कसलीही शर्त मान्य करतो, हे वेगळे सांगायला नको.

याबाबत आंतरराष्ट्रीय मत अगदी स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने भरतीशुल्काची जी व्याख्या २०१८ मध्ये ठरवून २०१९ मध्ये प्रसिद्ध केली, तीत भाषाज्ञान तपासण्याचा खर्च हा भरतीचा खर्च म्हणून नोंदवला आहे. आणि भरतीचा खर्च कामगाराकडून घेऊ नये हे तत्त्व आहे. खासगी रोजगार संस्थांविषयीच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारातही हेच तत्त्व आहे. तो करार भारताने स्वीकारलेला नाही. उलट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नियमांनी भरती एजंटाला कामगाराकडून ३०,००० रुपयांपर्यंत सेवाशुल्क घेण्याची मुभा दिली. युरोपीय समुदायाने १९८९ च्या सुरक्षाविषयक निर्देशात असे ठरवले की कामगारांना सुरक्षेचे शिक्षण कामाच्या वेळात आणि त्यांच्यावर खर्च न टाकता द्यावे. यंत्रावरची सूचना वाचता येणे हा सुरक्षेचाच भाग नाही काय? मग ती भाषा शिकवण्याचा खर्च मालकाचा का नसावा?

परदेशांना हे प्रश्न विचारताना आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. दूधविनायकच्या गल्ल्यांपासून थोड्या अंतरावर असलेल्या स्थानकांतून मुंबईच्या गाड्या सुटतात. पूर्व उत्तर प्रदेशातील किती तरुण त्या गाड्यांनी येऊन येथे रिक्षा चालवतात, इमारती बांधतात, भाजी विकतात. काशीत जसा एके काळी मराठी माणूस परका होता, तसा येथे हा माणूस परका असतो. २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने परिपत्रक काढून रिक्षा परवान्यासाठी मराठीच्या ज्ञानाची अट घातली. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. पुढेही हा वाद अधूनमधून उफाळत राहिला आहे.

आमची भूमिका सांगतो, कोणाला रुचो वा न रुचो. महाराष्ट्रात काम करणाऱ्याने मराठी शिकावी. प्रवासी म्हातारी रुग्णालयाचे नाव सांगते ते चालकाला कळले पाहिजे, रस्त्यावरचा फलक वाचता आला पाहिजे. ही अपेक्षा रास्त आहे आणि चालकाच्याही हिताची आहे. पण शिकवण्याची कोणतीही सोय न करता एके दिवशी उतारा पुढे ठेवून वाचायला लावायचा आणि अडखळला तर त्याची रोजी रोखायची, याला भाषाप्रेम म्हणता येणार नाही. स्टुटगार्टमध्ये आपल्या मुलाशी कोणी असे वागले तर आपल्याला काय वाटेल, तेच माप येथेही लावले पाहिजे.

दुसरा मार्ग आहे आणि तो आपल्याच देशात चालून दाखवला गेला आहे. केरळ राज्य साक्षरता अभियानाने २०१७ मध्ये पेरुंबावूर येथे परराज्यांतील कामगारांना मल्याळम शिकवण्याचा ‘चंगाती’ हा कार्यक्रम सुरू केला. चंगाती म्हणजे मित्र. त्यासाठी ‘हमारी मलयालम’ नावाचे पुस्तक केले गेले. आधी शिकवणे, मग तपासणे, असा हा क्रम आहे. महाराष्ट्रात परराज्यांतील कामगार इतक्या मोठ्या संख्येने असताना भिवंडीत, चाकणला, तारापूरला असे वर्ग का नसावेत?

शिवाय भाषेची जबाबदारी एकट्या कामगाराची नाही, हे आपल्या कायद्याने फार पूर्वी ओळखले होते. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यात आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात असे कलम होते की कारखान्यात लावायचे आदेश व सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. म्हणजे कामगाराने मालकाची भाषा शिकावी तसे मालकानेही कामगाराच्या भाषेत बोलावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली आहे. बदलाच्या या धांदलीत हे तत्त्व कागदावर आणि कारखान्याच्या भिंतीवर दोन्हीकडे टिकते की नाही, यावर प्रत्येक युनियनने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे.

या साऱ्यातून आमच्या मागण्या निघतात. पहिली, भाषेची परीक्षा कामाला धरून असावी आणि तीत पगार, कामाचे तास, सुरक्षा, आजारपण व तक्रार या विषयांना मालाच्या आणि हुकमाच्या भाषेइतकीच जागा असावी. तोंडी भाग सक्तीचा असावा. दुसरी, शिकवण्याचा आणि परीक्षेचा खर्च मालकाने किंवा माणसे मागवणाऱ्या सरकारने सोसावा. कामगाराकडून एक पैसाही घेऊ नये. तिसरी, कामावर रुजू झाल्यानंतरचे भाषाशिक्षण पगारी वेळात व्हावे. बारा तास राबून रात्री डुलक्या घेत शिकलेली भाषा टिकत नाही. चौथी, नापास झाल्यास पुन्हा बसण्याची संधी मिळावी आणि केवळ भाषेच्या कारणाने कामावर असलेल्याला काढू नये. पाचवी, नेमणुकीचा करार कामगाराला समजणाऱ्या भाषेतही दिल्याशिवाय त्याची सही ग्राह्य धरू नये. आपल्या सरकारने परदेशांशी करार करताना हे कलम घालून घ्यावे. महाराष्ट्र शासनाने जर्मन करारात भाषाशिक्षणाचा खर्च उचलण्याचे मान्य केले, हे स्वागतार्ह आहे. पण भाषा शिकून बसलेल्या तरुणाला ठरल्या मुदतीत काम मिळाले नाही, तर त्याच्या गेलेल्या महिन्यांची भरपाई कोण करणार, हेही शासनाने सांगावे.

मागण्या दुसऱ्यांकडे करताना संघटनांनी स्वतःचे कर्तव्यही केले पाहिजे. जर्मनीतील कामगार संघटनांच्या महासंघाने २०११ मध्ये ‘फेअर मोबिलिटेट’ नावाचे काम सुरू केले. पूर्व युरोपातून आलेल्या कामगारांना तेथे त्यांच्याच भाषेत सल्ला मिळतो. बल्गेरियन मजुराला हक्क समजावून घेण्यासाठी आधी जर्मन परीक्षा द्यावी लागत नाही. जर्मन संघटनेने बल्गेरियन जाणणारा माणूस नेमला आहे. आपल्या किती युनियन कचेऱ्यांत भोजपुरी, ओडिया किंवा बंगाली समजणारा कार्यकर्ता बसतो? वाराणसीच्या शाखांनी परदेशी निघालेल्या तरुणांचे करार वाचून दाखवण्याचे काम अंगावर घेतले आहे काय? दूधविनायकसारख्या मोहल्ल्यात दोन्ही भाषा जन्मापासून जाणणारी माणसे आहेत. मुंबईकडे निघालेल्या बनारसी तरुणाला चार मराठी वाक्ये शिकवण्यास त्यांच्याइतके योग्य शिक्षक कोठे मिळतील?

महासंघाच्या सर्व जिल्हा शाखांना आमचे आवाहन आहे की आठवड्यातून एक संध्याकाळ भाषावर्गासाठी राखून ठेवा. मराठी शिकू इच्छिणाऱ्या परप्रांतीय कामगाराला मराठी शिकवा, परदेशी निघालेल्या आपल्या मुलाला त्याच्या कराराचा अर्थ सांगा. पहिल्या धड्यात ‘नमस्कार’ आणि ‘भाव काय’ अवश्य असू द्या. पण त्याच धड्यात आणखी तीन वाक्ये हवीत : ‘हे मला समजले नाही.’ ‘हे काम धोक्याचे आहे.’ ‘माझा पगार किती आणि कधी?’ ही तीन वाक्ये ज्याला परक्या भाषेत निर्भयपणे बोलता येतात तो कामगार आमच्या परीक्षेत उत्तीर्ण.